सत्कार झाला, आता पाळणाघराचं बोला

८ मार्चला मी एका कार्यक्रमाला गेले होते. गावातल्या कर्तबगार महिलांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, एक रोपटं आणि फोटो. दरवर्षी असतो तसाच. सत्कारमूर्तींत उचगावचीच एक सून होती. नाव लिहीत नाही, पण ओळखणारे ओळखतील. आयटीआय झालेली पोरगी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर काम करत करत चार वर्षांत क्वालिटीची सुपरवायझर झाली. पदरात दीड वर्षाचं बाळ.

निवेदकानं तिला ठरलेला प्रश्न विचारला. "घर, मूल आणि करिअर, हा समतोल कसा साधता ताई?"

ती हसली आणि म्हणाली, "सासूबाई आहेत म्हणून."

टाळ्या पडल्या. सासूबाई तिसऱ्या रांगेत मांडीवर नातू घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी स्टेजवर बोलावलं नाही. मीही बातमी लावली, मथळा दिला 'तारेवरची कसरत करणारी उचगावची लेक'. लेक नव्हे, सून आहे, अशी कुणीतरी चूकही काढली. बातमीला भरपूर लाइक आले.

तीन आठवड्यांनी ती मला तावडे हॉटेलजवळ भेटली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. म्हणाली, "ताई, राजीनामा दिला. ३० एप्रिलपर्यंत नोटीस आहे."

काय झालं होतं? सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने तरी उचलापाचल करायची नाही म्हणून सांगितलं. म्हणजे आता घरात दोघं सांभाळायची, एक दीड वर्षाचं आणि एक साठ वर्षांचं.

तीन आठवडे. ज्या समतोलाबद्दल आपण टाळ्या वाजवल्या, तो एका ओल्या फरशीवर घसरला. आणि मला माझ्याच मथळ्याची लाज वाटली. कारण ती तारेवर एकटी चालतच नव्हती. खाली तार धरून दुसरी एक बाई उभी होती. ती पडली, खेळ संपला.

आज लिहायचं आहे ते याबद्दल. लांब होईल, पण वाचा.

आधी माझ्या घरचं सांगते

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपलं दार उघडावं. पत्रकारितेची पदविका घेऊन मी एका दैनिकात लागले, तेव्हा ऑफिसात बायका मोजून दोन. मी पोलीस ठाणी, कोर्ट, अपघात असं सगळं करायचे. २००८ साली मुलगा झाला. तेव्हा कायद्यानं मिळणारी रजा बारा आठवड्यांची होती. तीन महिन्यांनी परत गेले तर खुर्ची जागेवर होती, बीट नव्हतं. "तुम्हाला आता धावपळ नको" म्हणून रांगोळी स्पर्धा, पाककृती आणि वाढदिवसाच्या पुरवण्या माझ्याकडे आल्या. कुणी वाईट हेतूनं केलं असं मी आजही म्हणणार नाही. काळजीनंच केलं. पण मला काय पाहिजे, ते कुणी विचारलं नाही.

पुढं पाच-सहा वर्षांनी बढतीची गोष्ट निघाली. मुख्य उपसंपादक, पण काम रात्रीचं, शेवटची आवृत्ती सुटेपर्यंत. घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तू ठरव. माझी काही हरकत नाही."

हे वाक्य तुमच्याही घरात कधी ना कधी बोललं गेलं असेल. ऐकायला किती मोकळं वाटतं! पण त्याचा अर्थ मला नंतर कळला. 'तू ठरव' म्हणजे रात्री पोरगं तापलं तर काय करायचं ते तू ठरव. सकाळचा डबा कोण करणार ते तू ठरव. मी आहे तसाच राहणार, उरलेल्याचं तू ठरव. मी ठरवलं आणि बढती नाकारली. ऑफिसात नोंद झाली, 'कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने'. नवरा हे वाचेल. चिडणार नाही, माणूस चांगला आहे. पण आमच्याकडं कधी कुणी त्याला "तुम्ही घर आणि नोकरी कसं सांभाळता?" असं विचारलं नाही, हेही त्यानं वाचावं.

आता खरी गोष्ट. मी जी काही पत्रकारिता करू शकले, ती माझ्या सासूबाईंमुळं, म्हणजे आमच्या आत्तींमुळं. हे मी भाषणांत सांगते. जे सांगत नव्हते ते हे, की मुलगा झाला तेव्हा आत्ती गांधीनगरात एका कापड दुकानात कामाला होत्या. सहा वर्षं झाली होती त्यांना तिथं. साड्यांच्या घड्या, गिऱ्हाईक, हिशेब, सगळं यायचं. नातू झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं. कुणी "तुम्ही ठरवा" एवढंसुद्धा म्हणालं नाही. अनेक वर्षांनी मी विचारलं, "आत्ती, का सोडलं वो तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "तुजा पगार मोठा, माजा ल्हान. हिशेब काय अवघड न्हवता."

माझं करिअर म्हणजे आत्तींच्या राजीनाम्यावर उभी असलेली इमारत आहे. त्यांचा सत्कार कुणी केला नाही. त्यांनी सोडलेल्या नोकरीची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

अडीच वर्षांचा खड्डा

आता कायद्याकडं येऊ, कारण "आता तर सगळ्या सवलती आहेत" असं सांगणारे खूप भेटतात.

सवलती आहेत, हे खरं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. कारखान्यात ईएसआय असेल तर त्या काळातला पैसा ईएसआयकडून मिळतो. राज्य सरकारी नोकरीतल्या महिलांना २०१८ पासून पूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्र सरकारी नोकरीत ती ७३० दिवसांची आहे. हे सगळं चांगलंच आहे.

पण जरा बाळाचं वय धरून मोजा. रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. अंगणवाडीत ते बसायला लागतं तीन वर्षांचं झाल्यावर. सहा महिने ते तीन वर्षं या बाळासाठी अंगणवाडीतून शिधा मिळतो, लस मिळते, वजन होतं. पण दिवसभर बसायला, झोपायला जागा मिळत नाही. म्हणजे मधली अडीच वर्षं खड्डा. आणि हीच अडीच वर्षं नोकरीत महत्त्वाची असतात. पंचविशी-तिशी. मशीन हाताला बसलेलं असतं, साहेबांचा भरवसा बसलेला असतो, बढतीची यादी तयार होत असते.

तीन वर्षांनंतर तरी सुटका आहे का? अंगणवाडी काही तास चालते. कारखान्याची पाळी आठ तासांची, वर जाण्यायेण्याचा वेळ. गांधीनगरातल्या दुकानांची शटरं खाली यायला तर रात्र होते. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर त्या पोराला आणायला कोण जाणार? आजी. आजी नसेल तर मोठी बहीण. मोठी बहीण नसेल तर आई काम सोडणार.

२०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघराचंही कलम आलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता आलं पाहिजे. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पन्नासचा आकडा तिथंही आहे. त्याआधीच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं पाळणाघर, असा नियम होता. त्यात एक मेख होती. बायकांची संख्या मोजली, की मालक तिसाव्या बाईवर थांबणार. २०१७ नंतर बाई-पुरुष सगळे मिळून पन्नास मोजायचे, ही सुधारणा चांगली झाली.

पण आपल्याकडचं चित्र बघा. गोकुळ शिरगाव, शिरोलीचे मोठे कारखाने सोडले तर बाकी सगळी मशीन शॉप, छोट्या फौंड्र्या, फॅब्रिकेशनचे शेड. पंधरा माणसं, पंचवीस माणसं. त्या सुपरवायझर पोरीच्या कारखान्यात अडतीस. गांधीनगरातल्या दुकानात तर पाच-दहा. कायदा पन्नासवर सुरू होतो आणि आपलं गाव पन्नासच्या आत जगतं.

मी तिच्या मालकांशीही बोलले. त्यांचंही ऐकलं पाहिजे. ते म्हणाले, "ताई, मला काय हौस आहे का तिला सोडायची? नवीन माणूस तयार व्हायला वर्ष जातंय. तिच्या हातनं माल रिजेक्ट होत नाही. पण अडतीस माणसांत मी एका बाळासाठी पाळणाघर काढू?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही कायद्यातच आहे. प्रत्येकानं स्वतंत्र पाळणाघर काढलं पाहिजे असं नाही. अनेक आस्थापना एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवू शकतात, ग्रामपंचायतीचं, नगरपालिकेचं किंवा संस्थेचं पाळणाघरही वापरू शकतात. पन्नासच्या आतल्यांना सक्ती नाही, पण बंदीही नाही. समजा पंचवीस छोट्या कारखानदारांनी महिना तीन-तीन हजार रुपये घातले. पंचाहत्तर हजार झाले. वर आईबापांकडून थोडी फी. चार मावश्यांचा पगार, दूध-खिचडी आणि वीजबिल यात बसवायला काय हरकत आहे? औद्योगिक वसाहतीत सुविधांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. कँटीन लागतं, वजनकाटा लागतो, ट्रक उभे करायला जागा लागते, हे आपल्याला कळतं. पाळणा लागतो, एवढंच कळत नाही.

हे खूळ नवं नाही

आता काही जण म्हणतील, "हे बाहेरचं फॅड आहे. आपल्या संस्कृतीत मूल घरातच वाढतं."

आपल्या मातीतलंच सांगते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला होतं. त्याच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, आणि मालकालाही त्यातून अंग काढता येणार नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला तसा पहिला. याला आता शंभर वर्षं होत आली.

याच आंबेडकरांना १९२० च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या माणगावच्या परिषदेत ज्यांनी लोकांसमोर गौरवलं, ते शाहू महाराज. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाही लोक म्हणाले असतीलच, आमचं पोरगं, आम्ही बघू. महाराजांनी ते मानलं नाही. पोरगं तुझं असलं तरी त्याचं शिकणं ही संस्थानाची जबाबदारी, हा त्या हुकमाचा अर्थ. आपण शाहू महाराजांचं नाव रोज घेतो. मग सहा वर्षांच्या वरचं मूल सगळ्यांचं आणि सहाच्या आतलं मूल एकट्या आईचं, हे कुठल्या शाहू विचारात बसतं?

तिसरं नाव ताराबाई मोडक यांचं. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, पदरात एक मुलगी. त्या काळात राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. नंतर बालशिक्षणाच्या कामात पडल्या. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढं काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मोठी पोरं शाळेत का येत नाहीत, याचं कारण त्यांनी शोधलं. ती पोरं धाकट्या भावंडांना सांभाळत होती, आईबाप कामावर. मग त्यांनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणली. नाव दिलं विकासवाडी. धाकट्याला पाळण्यात ठेवायचं, मधल्यानं बालवाडीत बसायचं, मोठीनं पाटी घ्यायची. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. शब्द गेला, अंगणवाडी गावोगाव पोचली, त्यातलं पाळणाघर मात्र वाटेत गळालं.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही ही जाण होती. कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, अशी तरतूद केली होती. माती उपसणाऱ्या बाईच्या पोराला सावली लागते, हे कायद्याला उमगलं. मग सीएनसी चालवणाऱ्या आणि साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईचं पोर काय उन्हात ठेवायचं?

"पाळणाघरात काय काय होतं, बघितलंय आम्ही"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि तो खोटा नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातला मारहाणीचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. प्रत्येक आईच्या पोटात गोळा आला. माझ्याही आला.

पण एसटीला अपघात झाला म्हणून आपण एसटी बंद करा म्हणत नाही. ब्रेक तपासा म्हणतो. पाळणाघराची नोंदणी, कॅमेरा, मावशीला प्रशिक्षण, तिला नीट पगार, आईबापांची समिती आणि अचानक तपासणी. शाळेला जे लागू, तेच इथं लागू. आज गावात काय चालतं? कुणीतरी काकू घरातच चार-पाच पोरं बघतात. बिचाऱ्या जीव लावून बघतात, पण ना नोंद, ना तपासणी, ना त्यांना पगाराची हमी. जे लपून चाललंय ते उघड्यावर आणा, एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप, "मूल आईजवळच वाढलं पाहिजे." मान्य. ज्या आईला घरी राहायचं आहे आणि परवडतं आहे, तिनं खुशाल राहावं. तिला कुणी कमी लेखू नये. घर सांभाळणं हे काम आहे, हे तर मी पहिल्यापासून सांगतेय. पण ज्या घरात दोन पगारांशिवाय घरकर्जाचा हप्ता जात नाही, तिथं आईला घरी बसा म्हणणं म्हणजे घर विका म्हणण्यासारखं आहे. आणि जिला पैशासाठी नाही, तर आवडतं म्हणून काम करायचं आहे? तिलाही हक्क आहे. पुरुषाला आपण कधी विचारतो का, तू पैशासाठी जातोस की आवडतं म्हणून?

बाप कुठं आहेत?

पुरुष वाचकांनो, आता तुमच्याकडं येते. शिव्या घालायला नाही, आकडे सांगायला.

केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटं. मुलंबाळं, म्हातारीकोतारी सांभाळण्यात बाईची १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. आणि पुरुषाचा आकडा फक्त जे पुरुष हे काम करतात त्यांचा आहे. जे करतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन या बाईंना मिळालं. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवलं, की आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतला मोठा फरक पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडायला लागतो. शिक्षण सारखं, नोकरी सारखी, पण मूल झालं की वाटा वेगळ्या. अमेरिकेत हे कळायला नोबेल लागलं. आमच्या आत्तींना एका वाक्यात कळलं होतं.

केंद्र सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा आहे. खाजगी कारखान्यात कायद्यानं काहीच नाही. पण जिथं रजा मिळते तिथं तरी बारशानंतर बाप काय करतो? निम्मे दिवस पाहुण्यांना सोडण्या-आणण्यात जातात. बाळाची आंघोळ, रात्रीचं जागरण, लसीची तारीख यातलं काय येतं आपल्याला, हे प्रत्येकानं स्वतःशी मोजावं. "मी मदत करतो" हा शब्द आधी काढा. मदत शेजारी करतो. बापानं करायचा तो आपला वाटा.

मग करायचं काय?

नुसतं रडगाणं गाऊन मी पोस्ट संपवत नाही. चार गोष्टी मागते.

एक. १ मेला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिलांची ग्रामसभा व्हायला पाहिजे, तसा नियमच आहे. त्या सभेत पूर्ण दिवसाच्या पाळणाघराचा ठराव घ्या. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. बातमीदारीच्या निमित्तानं मी बरीच गावं फिरले, हा पैसा बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्यांत जातो. वाटप होतं, फोटो होतो. एक वर्ष फोटो कमी काढू आणि एक खोली, चार पाळणे, दोन मावश्या यांची सोय करू.

दोन. केंद्राच्या 'मिशन शक्ती'त 'पाळणा' नावाची योजना आहे. २०२२ पासून त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या गावातल्या एखाद्या तरी अंगणवाडीसाठी प्रस्ताव गेला पाहिजे. पण एक अट. हे काम आहे त्याच अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकायचं नाही. तिला आधीच सर्वे, रजिस्टर, मोबाइलवरची माहिती आणि आहार आहे, तोही मानधनावर. तिच्या घरीही मूल असतं आणि ते कुणीतरी सांभाळत असतं. एका बाईचं ओझं उतरवताना दुसरीच्या डोक्यावर ठेवलं, तर आपण काहीच शिकलो नाही.

तीन. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखानदारांनी आणि गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी सामाईक पाळणाघराचा विचार करावा. धर्म म्हणून नको, धंदा म्हणून करा. तयार झालेलं माणूस टिकवणं नवीन माणूस शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चार. घरात. बढतीचा कागद आला की "तू ठरव" म्हणायचं नाही. "आपण काय बदलायचं?" असं विचारायचं. बाकी सगळ्याला सरकार लागतं, याला फक्त एक माणूस लागतो.

हद्दवाढ हवी का नको, यावर आपण गाव बंद ठेवतो, हायवेवर बसतो. चांगली गोष्ट आहे, गाव जागं आहे याची ती खूण. त्यातली एक दुपार या पाळणाघरासाठी द्या. शहरात जाऊ नाही तर गाव राहू, पोरं कुठं ठेवायची हा प्रश्न दोन्हीकडं सोबत येणारच आहे.

त्या पोरीची नोटीस ३० एप्रिलला संपते. मालकांनी राजीनामा अजून वर पाठवलेला नाही, "तीन महिने बिनपगारी थांब, जागा ठेवतो" म्हणालेत. एवढंही पुष्कळ जण करत नाहीत. पण तीन महिन्यांनी सासूबाई काठी घेऊन चालायला लागतील तेव्हा बाळ धावायला लागलेलं असेल. त्यामागं कोण पळणार?

ही पोस्ट लिहून झाल्यावर मी आत्तींना वाचून दाखवली. त्यांच्याबद्दल लिहिलंय, परवानगी घ्यायला पाहिजे. चष्मा काढून शांत ऐकलं त्यांनी. गांधीनगरच्या दुकानाचा भाग आला तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या. सगळं संपल्यावर एकच प्रश्न विचारला.

"ते पाळणाघर का काय म्हंतीस, तिथं बाया लागतील का गं सांभाळायला?"

म्हटलं, "लागतील की आत्ती. का?"

"मी यीन. पोरं सांभाळाय येत्यात मला." आणि मग जरा थांबून, "पण आता पगार पायजे."